बदामांआधी ब-१२ कडे पाहावे

ताण कमी करायला रोज बदाम-अक्रोड खाल्ले की पुरे, असे अनेकदा सांगितले जाते; या मताशी मी अर्धाच सहमत आहे. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के असले तरी विश्रांतीच्या वेळी लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो, त्यामुळे आहाराचा परिणाम त्याच्यावर होणारच. मात्र आपल्या शाकाहारी घरांत खरी उणीव बहुधा ब-१२ जीवनसत्त्वाची असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये जवळच्या गावांत सुरू केलेल्या अभ्यासात बहुसंख्य गरोदर स्त्रियांमध्ये ही कमतरता आढळली होती. थकवा, चिडचिड, विसरभोळेपणा ही तिचीही लक्षणे असू शकतात, आणि आपण मात्र ती सगळी ऑफिसच्या ताणाच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. बदामात ब-१२ नसते. ते दूध, दही, अंडी, मासे यांतून मिळते, आणि कमतरता जास्त असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या किंवा इंजेक्शनेच घ्यावी लागतात.

ओमेगा-३ या मेंदूला उपयोगी स्निग्धाम्लासाठी महागडे अक्रोडच हवेत असेही नाही. आमच्याकडे मंडईतून आणलेले जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून, लसूण आणि सुक्या मिरचीबरोबर खलबत्त्यात कुटून चटणी करतात; मिक्सरमध्ये तिचा तेलकट गोळा होतो, हा माझा अनुभव. अर्थात जवसातील ओमेगा-३ चे मेंदूला लागणाऱ्या डीएचए या ओमेगा-३ च्याच दुसऱ्या प्रकारात फारच थोडे रूपांतर होते, त्यामुळे मासे खाणाऱ्यांनी बांगडा सोडू नये.