मदत हवी आहे: मिस्टरांना पुन्हा ट्रकवर काम हवं आहे, पण आधीच्या नोकऱ्या तुटक आहेत

शिऊरकर:
नमस्कार. माझ्या मिस्टरांसाठी विचारते आहे. जिथं जातील तिथं "फोन करतो" एवढंच ऐकून त्यांचं मन उडालं आहे, म्हणून मीच लिहायला बसले.

आम्ही वाळूजला राहतो, गाव वैजापूर तालुक्यात. त्यांचं वय ३६, शिक्षण दहावी, हेवी लायसन आहे. सुरुवात एमआयडीसीत ठेकेदाराकडे केली. ठेका संपला तसं काम संपलं. मग छोटा हत्ती, मग ४०७ टेम्पो, आणि पुढे दहाचाकीवर कांदा, मका, लोखंड असा जो माल मिळेल तो. गाडी ते मनापासून चालवतात. व्यसन नाही, तंबाखूसुद्धा नाही.

पण ट्रकवरचे मालक टिकले नाहीत, आणि आता सगळं तिथंच अडतं आहे. पहिल्याकडे हिशोब कधी पुरा झाला नाही. भत्ता हातात यायचा, पगार मात्र कायम "पुढच्या ट्रिपला". शेवटी यांनी काम सोडलं, तेव्हापासून तो मालक यांच्याबद्दल कुणी विचारलं तर वाईटच सांगतो. दुसऱ्याचे हप्ते थकले आणि त्याने गाडीच विकली. तिसऱ्याकडे असताना सिन्नरच्या पुढे उलट्या बाजूने आलेली दुचाकी समोरून धडकली. त्या मुलाचा पाय मोडला, जीव वाचला हे देवाचे उपकार. गुन्हा मात्र यांच्यावर दाखल झाला: भारतीय दंड संहितेची कलमं २७९, ३३७ आणि ३३८, म्हणजे निष्काळजीपणे गाडी चालवून दुखापत केल्याची. केस अजून चालू आहे, प्रत्येक तारखेला हे जातात. गाडी पोलिसांकडून सुटली तोवर मालकाने दुसरा ड्रायव्हर ठेवला होता.

त्यानंतर सासऱ्यांना अर्धांगवायू झाला. त्यांचं उठवणं-बसवणं, दवाखाना, शेत, सगळं यांनीच पाहिलं. वर्ष-दीड वर्ष असं गेलं. सासरे दिवाळीनंतर गेले. या धावपळीत ट्रान्सपोर्ट लायसनची मुदत संपली, त्याला आठ महिने झाले.

आता कंपन्यांच्या गाड्यांवर गेलं की आधीच्या मालकाचा नंबर मागतात, मधला काळ कुठे होता विचारतात, आणि केसचं नाव निघालं की बोलणं संपतं. एक जण म्हणतो, "केस सांगूच नका." दुसरा एक एजंट बंदरावर ट्रेलरचं काम लावून देतो म्हणून दहा हजार आणि मूळ लायसन मागतो आहे. घरात दोन मुलं शाळेत आहेत, माझ्या शिवणकामावर किती दिवस ओढणार? खरं सांगून काम मिळेल असा रस्ता आहे का? सुरुवात कुठून करावी?

कळंबोली:
ताई, आधी लायसन. बाकी सगळं नंतर.

मुदत संपून वर्ष झालेलं नाही, ही तुमच्यासाठी फार मोलाची गोष्ट आहे. वर्षाच्या आत अर्ज केला तर नूतनीकरण होतं. वर्ष उलटलं की पुन्हा चाचणी द्यावी लागते. लायसनच्या सरकारी सारथी पोर्टलवर अर्ज होतो, डॉक्टरचा नमुना १-अ (वैद्यकीय तपासणीचा दाखला) लागतो. नवी मुदत पाच वर्षांची मिळेल. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत असायची, ती २०१९ च्या दुरुस्तीने गेली. त्यामुळे आज त्यांनी "एकच ट्रिप" म्हणूनही ट्रक हातात घेऊ नये. काही झालं तर विमा कंपनी भरपाईचे पैसे मालकाकडून वसूल करायला बघते, म्हणूनच मालक आधी कार्डावरची तारीख बघतो.

कार्डावर नॉन-ट्रान्सपोर्टची, म्हणजे खासगी गाड्यांसाठीची, तारीख वेगळी असते, ती बघा. ती चालू असेल तर मधल्या काळात टेम्पो चालवता येईल. गाडीचं एकूण वजन, म्हणजे मालासकट, ७,५०० किलोपर्यंत असेल तर एलएमव्ही (हलक्या गाडीचं) लायसन चालतं, असा सुप्रीम कोर्टाचा ६ नोव्हेंबर २०२४ चा निकाल आहे. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा आहे, बिनधास्त सांगा.

त्या एजंटला एक रुपया देऊ नका. आणि मूळ लायसन तर कुणालाच नाही! ज्याला खरंच ड्रायव्हर हवा असतो तो ड्रायव्हरकडून पैसे घेत नाही. न्हावा शेवा बंदराच्या रस्त्यावर आयुष्य काढलं आहे, लायसन परत मिळवायला रडणारी पोरं मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

यार्डवाला:
मी चाकणला एका ट्रान्सपोर्टमध्ये गाड्या आणि ड्रायव्हर बघतो. नेमणूक करणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

मालक बदलले याची आम्हाला फार भीती नसते. या धंद्यात ते सगळ्यांचंच असतं. भीती असते ती तीन गोष्टींची: दारू, डिझेलची चोरी, आणि भरलेली गाडी रस्त्यात सोडून निघून जाणं. तिसरी सगळ्यात वाईट. तुमचे मिस्टर पहिल्या मालकाकडून निघाले तेव्हा गाडी रिकामी करून, चावी देऊन निघाले का? तसं असेल तर मुलाखतीत तेच पहिलं वाक्य असू द्या. "पगार थकला होता, शेवटचा माल पोहोचवला, गाडी लावली, चावी दिली." त्या मालकाची निंदा करू नये, एवढं पुरे. जास्त बोललं की ऐकणाऱ्याला उद्या आपल्याबद्दलही हेच बोलेल असं वाटतं.

मालक वाईट सांगत असेल तर मालकाचाच नंबर दिला पाहिजे असं नाही. ज्या गोडाऊनला, अडतीला, कारखान्याला ते माल घेऊन नेमाने जायचे तिथला बुकिंगवाला किंवा सुपरवायझर असतो ना? गाडी वेळेवर लागते का, पावती नीट आणतो का, मालात तूट येते का, हे त्यालाच जास्त माहीत असतं. मी स्वतः अशा माणसाचा शब्द मालकापेक्षा वरचा धरतो. जुन्या बिल्ट्यांचे (माल भरल्याच्या पावत्यांचे), पोहोच पावत्यांचे फोटो मोबाईलमध्ये असतील, बँकेत आलेले पैसे असतील, ते काढून एका फाइलीत लावा. मधल्या काळासाठी सासऱ्यांचे दवाखान्याचे कागद ठेवा. आजारी बापाला सांभाळायला घरी बसलेला माणूस हा आमच्या हिशोबात जबाबदार माणूस.

आणि एक मार्ग आहे जो कुणी सुचवत नाही. लांब पल्ल्याच्या पार्सल गाड्यांवर दोन ड्रायव्हर असतात. तिथे दुसरा ड्रायव्हर म्हणून जावं. पैसे थोडे कमी मिळतात, पण मालकाला धोका कमी वाटतो, म्हणून चौकशी कमी होते. वर्षभर जोडीला गेलं की पहिल्या ड्रायव्हरचा शब्द हीच त्यांची ओळख बनते. मी घेतलेले कित्येक चांगले ड्रायव्हर असेच आलेले आहेत.

कोर्टकचेरी:
केसबद्दल. "सांगूच नका" हा सल्ला अजिबात ऐकू नका. कंपनी चारित्र्य पडताळणीचा दाखला मागते, त्याच्या अर्जात गुन्ह्याचा रकाना असतो. तिथे "नाही" लिहिलं आणि नंतर केस निघाली तर खोटी माहिती दिल्याचा ठपका बसतो, तो केसपेक्षा जड जातो. चालू केस म्हणजे शिक्षा नव्हे, हे सरळ सांगावं.

वकिलांना सांगून एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा आणि मोटार वाहन निरीक्षकाने ट्रक तपासल्याचा अहवाल यांच्या नकला काढून घ्या. ब्रेक ठीक होते का, मार कुठल्या भागाला लागला, दुचाकी कुठल्या बाजूला पडली होती, हे त्यात असतं. उलट्या बाजूने आल्याचं त्यातून दिसत असेल तर तो कागद फाइलीत सगळ्यात वर ठेवा. तारखाही चुकवू नका. गैरहजेरीत वॉरंट निघालं तर चालू नोकरीवरून उचलतात.

शिऊरकर:
तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. यांना वाचून दाखवलं. गाडी त्यांनी मालकाच्या दारात लावूनच सोडली होती, चावी त्याच्या भावाच्या हातात दिली होती. लासूरला एका अडतीवर मुनीम आहेत, ते यांना चांगले ओळखतात, उद्याच भेटायला जाणार आहेत. तो नमुना १-अ कुठल्याही डॉक्टरकडून चालतो का? आणि यार्डवाले दादा, दुसऱ्या ड्रायव्हरच्या कामात केसच्या तारखांना सुट्टी मिळते का? सिन्नरला महिन्या-दोन महिन्याला जावंच लागतं.

कळंबोली:
नोंदणीकृत एमबीबीएस डॉक्टर हवा. आरटीओच्या बाहेर न बघता सही करून देणारे भेटतील, त्यांच्याकडे जाऊ नका. डोळे नीट तपासून घ्या, रात्रीचं चालवायचं आहे.

यार्डवाला:
सुट्टी मिळते, फक्त कामावर घेतानाच तारीख सांगून ठेवायची. जोडीतला दुसरा माणूस असल्यामुळे बदली बसवणं आम्हाला सोपं जातं. लायसन हातात आलं की इथे लिहा. वाळूजहून पुण्याकडे जाणाऱ्या लाइनवर कुणाला माणूस हवा असेल तर मी विचारून ठेवतो.