ताणावरील डाळिंब बाग आणि फवारणी: लेबलवरचा पीएचआय कितपत धरून चालावा?

माणदेशी_बागायतदार

आमची भगवा वाणाची बाग सांगोला तालुक्यात मुरमाड जमिनीवर आहे. आम्ही आंबे बहार, म्हणजे जानेवारीच्या सुमारास पाणी देऊन धरला जाणारा फुलोरा, धरतो. पावसाळा संपल्यावर पाणी तोडून बाग ताणावर सोडायची, पाने पिवळी पडू लागली की इथ्रेल (इथेफॉन हे औषध) मारून पानगळ करून घ्यायची आणि जानेवारीच्या सुमारास पहिले पाणी द्यायचे, असा क्रम असतो. हा ताण आम्ही ठरवून देतो. एप्रिल-मे महिन्यांत विहिरीचे पाणी खाली गेले की नको असलेला दुसरा ताण येतो. त्या काळात फळे फुगत असतात, पाणी निम्म्यावर येते आणि नेमके तेव्हाच फुलकिडे व लाल कोळी वाढतात.

माझे तीन प्रश्न आहेत. लेबलवर फवारणी आणि काढणी यांमध्ये जेवढे दिवस सोडण्यास सांगितलेले असते (काढणीपूर्व कालावधी, म्हणजेच पीएचआय), ते पाण्याअभावी वाढ थांबलेल्या झाडालाही तसेच लागू पडतात का? पहिल्या पाण्यासोबत ठिबकमधून आंतरप्रवाही (झाडाच्या आत शिरून सर्वत्र पसरणारे) कीटकनाशक सोडण्याची पद्धत आमच्याकडे रूढ होत आहे, ती योग्य आहे का? आणि कृषी सेवा केंद्रातून "ताणातल्या झाडाला औषध लागत नाही, मात्रा थोडी वाढवा" असा सल्ला मिळतो, त्यात कितपत तथ्य आहे? माल निर्यातीसाठी द्यायचा असल्याने अंदाजावर चालता येत नाही.

पर्णरंध्र

आपल्या तिसऱ्या प्रश्नातील निरीक्षण बरोबर आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

पाणी कमी पडू लागले की झाडात ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते आणि पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, मिटतात. त्यामुळे पानांतून होणारे बाष्पोत्सर्जन घटते, आणि मुळांपासून शेंड्याकडे चढणारा पाण्याचा प्रवाहही त्या प्रमाणात मंदावतो. आंतरप्रवाही औषध मुळांतून वर जाते ते याच प्रवाहाबरोबर, म्हणून तेही कमी चढते. ताण लांबला तर पानांवरील मेणाचा थर जाड होतो आणि फवारलेले औषध पानात शिरण्यास अडथळा येतो. रस्त्याकडेच्या ओळींवर धुरळा बसलेला असेल, तर त्यात आणखी भर पडते. औषध "लागत नाही" असे दिसते ते या कारणांमुळे. पाण्याअभावी कोमेजलेल्या तणावर ग्लायफोसेट या तणनाशकाचा परिणाम कमी दिसतो, त्यामागेही बव्हंशी हेच कारण असते.

आता मात्रा वाढवल्यास काय घडते ते पाहू. जे औषध पानात शिरते त्याचे विघटन झाड स्वतःच्या विकरांकडून (एन्झाइमांकडून) करते. पी४५० गटातील विकरे आणि औषधाला ग्लुटाथायोन हा पेशीतला संरक्षक रेणू जोडणारी विकरे हे काम करतात आणि त्यांना ऊर्जा लागते. ताणातील झाडाचे प्रकाशसंश्लेषणच घटलेले असते, शिवाय ग्लुटाथायोनचा बराच साठा ताणामुळे पेशींत तयार होणाऱ्या घातक ऑक्सिजन-रेणूंना आवरण्यात खर्ची पडत असतो. अशा झाडावर वाढीव मात्रा टाकली तर कीड मरेल न मरेल, पण पानांच्या कडा करपणे, कोवळी फळे गळणे हे प्रकार मात्र होऊ शकतात. गंधक आणि खनिज तेल यांच्या बाबतीत तर ३२ अंशांच्या आसपास आणि त्यापुढे करपण्याचा धोका सर्वांना माहीत आहे. सांगोल्यातील एप्रिलची दुपार त्याच्या कितीतरी वर असते. फवारणी करणे भागच असेल तर आदल्या दिवशी, आहे तेवढे का होईना, पाणी द्यावे आणि पाने ताठ झाल्यावर संध्याकाळी फवारावे. मात्रा लेबलवर आहे तेवढीच ठेवावी.

इथ्रेलविषयी दोन गोष्टी सांगणे आवश्यक वाटते. इथेफॉन हे आम्लधर्मी द्रावणात टिकते आणि सामू (पीएच) वाढला की फुटून इथिलीन वायू सोडते. हे फुटणे झाडाच्या पेशीत होणे अपेक्षित असते. आपल्याकडील विहिरींचे पाणी अनेकदा ८ सामूच्या आसपास असते, त्यामुळे द्रावण करून ठेवले तर काही औषध पिंपातच फुटून जाते. सामूच्या पट्टीचा कागद पाच मिनिटांत उत्तर देतो आणि तो फार महागही नसतो, तरीही तो वापरणारे बागायतदार थोडेच आढळतात. दुसरी गोष्ट जमिनीची आहे. मुरमाड जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत उशिरा. म्हणून शेजारच्या बागेचे दिवस मोजून इथ्रेल मारणे धोक्याचे आहे. आधीच जास्त ताणलेल्या झाडावर तीव्र मात्रा पडली तर पानांबरोबर शेंड्याकडील काड्याही वाळतात.

अवशेष_तपासनीस

मी अवशेष विश्लेषणाच्या, म्हणजे फळात उरलेले औषध मोजण्याच्या, क्षेत्रात काम करतो, म्हणून पहिल्या प्रश्नापुरते लिहितो.

लेबलवरील काढणीपूर्व कालावधी ठरवताना निरनिराळ्या ठिकाणी शिफारशीत मात्रेने प्रायोगिक फवारण्या केल्या जातात, ठरावीक दिवसांनी फळे तोडून अवशेष मोजले जातात आणि ते कमाल मर्यादेखाली केव्हा जातात ते पाहिले जाते. हे प्रयोग व्यवस्थित जोपासलेल्या पिकावर होतात. त्यामुळे तो आकडा विशिष्ट परिस्थितीत मोजलेला असतो, हे लक्षात ठेवूनच तो वाचला पाहिजे.

फळावरील अवशेष अनेक वाटांनी घटतो. ऊन आणि हवा यांमुळे काही भाग नष्ट होतो, पावसाने काही धुऊन जातो, काहींचे विघटन झाड करते, आणि उरलेल्याची तीव्रता फळ वाढल्यामुळे कमी होते. ही शेवटची वाट लोकांच्या ध्यानात येत नाही. फवारणीनंतर फळाचे वजन दुप्पट झाले, तर औषधाचा एक कणही नष्ट न होता किलोमागचे प्रमाण निम्मे होते. आपल्या बागेत मे महिन्यात फुगवण थांबलेली असेल, तर ही वाट जवळजवळ बंद झाली, पाऊस नसल्याने धुऊन जाण्याची बंद झाली आणि झाडाकडून होणारे विघटन मंदावले. याउलट प्रखर ऊन आणि उष्णता यांमुळे काही औषधे पृष्ठभागावर लवकर फुटतात किंवा उडून जातात. म्हणून "ताणात अवशेष नेहमीच जास्त राहतो" असे सरसकट विधान मी करणार नाही. पृष्ठभागावर राहणाऱ्या औषधाचे गणित निराळे असते आणि आत शिरणाऱ्या औषधाचे निराळे.

फरक किती पडू शकतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने सांगतो. एखाद्या औषधाचा अर्धा भाग नष्ट होण्यास ४ दिवस लागत असतील, तर १२ दिवसांनी एक-अष्टमांश भाग उरतो. तोच काळ ताणामुळे ६ दिवसांवर गेला, तर १२ दिवसांनी एक-चतुर्थांश, म्हणजे दुप्पट अवशेष सापडेल, आणि एक-अष्टमांशावर येण्यास १८ दिवस लागतील. मूळ फवारणीच दीडपट मात्रेने केली असेल, तर हा अवशेषही त्याच पटीत वाढेल. ज्या औषधासाठी त्या फळावर स्वतंत्र मर्यादा ठरलेली नाही, तेथे युरोपीय संघात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम हीच मर्यादा धरली जाते. तेथे दुपटीचा फरक हा खेप जाणे आणि अडकणे यांमधला फरक ठरू शकतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वॉट क्लोराइडचे अवशेष सापडल्याने युरोपात आपल्या द्राक्षांची जी अडचण झाली, ती अनेकांना आठवत असेल. ते तर कीटकनाशकही नव्हते, वाढनियंत्रक होते. डाळिंबाचे दाणेच खाल्ले जातात म्हणून सालीवरचे औषध चालते, हा समजही सोडून द्यावा, कारण तपासणीत साल धरून संपूर्ण फळ घेतले जाते.

माझे मत असे की लेबलवरचे दिवस ही किमान मर्यादा समजावी, फुगवण थांबलेल्या बागेत त्यात भर घालावी आणि ती भर पुरेशी झाली की नाही, हे काढणीपूर्वी नमुना तपासून ठरवावे.

पोळेवाला

दुसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही. मी बहाराच्या काळात बागांमध्ये मधपेट्या ठेवतो, त्यामुळे या विषयात माझे हितसंबंध आहेत, हे आधीच नमूद करतो.

पहिल्या पाण्याच्या वेळी झाडावर पाने नसतात, ती आपणच पाडलेली असतात. वर पर्णरंध्र यांनी लिहिल्याप्रमाणे औषध वर चढण्यासाठी पानांतून पाणी जावे लागते. मग त्या दिवशी ठिबकमधून सोडलेले इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम (दोन्ही निओनिकोटिनॉइड गटातील आंतरप्रवाही कीटकनाशके) कोठे जाईल? ते बरेचसे मुळांभोवतीच्या मातीत थांबेल, आणि नवी पालवी व कळ्या निघतील तेव्हा त्यांच्यासोबत वर जाईल. म्हणजे औषध नेमके फुलोऱ्यात, मकरंदात आणि परागात पोहोचण्याची व्यवस्था आपण स्वतःच करतो. थायामेथोक्झाम झाडात आणि मातीत क्लोथियानिडिनमध्ये बदलते आणि तेही मधमाश्यांना तितकेच विषारी आहे. युरोपीय संघाने २०१८ मध्ये या तिन्ही औषधांचा उघड्या शेतातील वापर बंद केला, तो मधमाश्यांना असलेल्या धोक्यामुळेच. डाळिंबासाठी अशा आळवणीची (मुळाशी औषध सोडण्याची) लेबलवर शिफारस आहे का, हेही पाहावे. दुसऱ्या पिकाची शिफारस डाळिंबाला लावता येत नाही.

लाल कोळ्यासंबंधी एक वेगळे संशोधन येथे उपयोगी पडेल. न्यूयॉर्कमधील सेंट्रल पार्क येथील एल्म वृक्षांना एका भुंगेऱ्याविरुद्ध इमिडाक्लोप्रिड देण्यात आले होते. त्या झाडांवर कोळ्यांचा उद्रेक झाल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. कोळी हा कीटक नसल्याने त्याच्यावर या औषधाचा परिणाम होत नाही. त्याला खाणारे मित्रकीटक मात्र बाधित होतात, आणि अशा झाडावर कोळ्यांची अंडी घालण्याची क्षमताही वाढलेली आढळली. पुढे कपाशी, मका आणि टोमॅटो या पिकांवरील प्रयोगांत असे दिसले की या गटातील औषधांमुळे झाडाची स्वतःची संरक्षणयंत्रणा बदलते आणि ते कोळ्याला अधिक बळी पडते. उष्ण व कोरडे हवामान तर कोळ्याला मानवतेच. फुलकिड्यांसाठी मार्च-एप्रिलमध्ये या गटातील औषधांच्या लागोपाठ फवारण्या करायच्या आणि मे महिन्यात कोळी का वाढला म्हणून विचारायचे, हे दरवर्षी पाहतो.

माणदेशी_बागायतदार

सर्वांचा आभारी आहे. ठिबकमधून औषध सोडण्याचा बेत रद्द करीत आहे. एक शंका उरते. आमच्या बागेचा वरचा तुकडा मुरमाड आहे आणि ओढ्याकडचा भारी जमिनीचा. एकाच दिवशी, एकाच पंपाने फवारणी होते, पण वरच्या तुकड्यातील फळ मे महिन्यात स्पष्टपणे लहान राहते. नमुना संपूर्ण बागेतून एकत्र घ्यावा की कसे?

अवशेष_तपासनीस

दोन नमुने स्वतंत्र घ्यावेत. एकत्र केल्यास ओढ्याकडच्या फळांमुळे सरासरी खाली येईल आणि वरच्या तुकड्यातील अवशेष झाकला जाईल. प्रत्येक तुकड्यात नागमोडी चालत, कडेच्या ओळी सोडून, झाडाच्या चारही बाजूंची आणि वरच्या-खालच्या फांद्यांवरील फळे तोडावीत. मोठ्या फळांसाठी नमुना किमान दोन किलोंचा असावा आणि त्यात फळे पाचपेक्षा कमी नसावीत. फळे पुसू किंवा धुऊ नयेत. ज्या हातांनी औषध कालवले त्याच हातांनी ती तोडू नयेत, आणि पिशवीवर तुकडा व शेवटच्या फवारणीची तारीख लिहावी. प्रयोगशाळेला फवारलेल्या सर्व औषधांची यादी द्यावी, त्यात मिसळून मारलेली औषधेही आली. वरच्या तुकड्याचा अहवाल मर्यादेच्या काठावर आला, तर त्याची तोड पुढे ढकलून खालचा माल आधी काढावा. एकाच दिवशी सगळी बाग तोडलीच पाहिजे असे काही नसते.