पूर्व लंडनमधली सिलेटी पोरं

परदेशात स्थायिक झालेल्यांच्या दुसऱ्या पिढीची ओढाताण म्हणजे घरात बंगाली आणि बाहेर इंग्रज, एवढंच असतं, हे मत मला अपुरं वाटतं. पूर्व लंडनमधल्या ब्रिक लेन या रस्त्याच्या आसपास वाढलेल्या बांगलादेशी मुलांचं बघा. यातली बहुतेक घरं बांगलादेशातल्या सिलेट भागातली. बाप आधी एकटा आला, कारखान्यात नाहीतर हॉटेलात राबला. बायकामुलं बरीचशी सत्तर-ऐंशीच्या दशकांत आली. आई तिकडच्या सिलेटी बोलीत बोलणार. शाळा सुटल्यावर शिकायची ती प्रमाण बांगला, जी घरात कुणी बोलतच नाही. मशिदीत अरबी पठण. आणि भावंडं एकमेकांशी भांडणार ती इंग्रजीत! आठ-नऊ वर्षांचं पोर हे सगळं पेलतं, वर डॉक्टरकडे आईची दुभाषी म्हणूनही जातं. त्याला ‘गोंधळलेलं’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

शिवाय ‘आपण कुठले?’ हा प्रश्न त्यांना निवांत बसून पडलेला नाही. ४ मे १९७८ रोजी अल्ताब अली हा तरुण शिलाई कामगार कामावरून घरी जाताना वंशद्वेषी हल्ल्यात मारला गेला. दहा दिवसांनी हजारो लोक त्याच्या शवपेटीमागून पंतप्रधानांच्या निवासापर्यंत, डाउनिंग स्ट्रीटपर्यंत, चालत गेले. पुढे १९९८ मध्ये, हल्ला झाला त्या जागेजवळच्या बागेला त्याचं नाव दिलं गेलं. आधीच्या पिढीने बरंच मुकाट सोसलं होतं. तरुण पोरं मात्र त्या वर्षी बंगाली म्हणूनच रस्त्यावर उतरली आणि लंडनवर आपला हक्क सांगितला. ओढाताणीबद्दल बोलताना ही हिंमतही मोजायला हवी.