मुखडा म्हणजे ध्रुवपदच का?

मूळ प्रश्न
जुन्या हिंदी गाण्यांवर मराठीत लिहिताना दर वेळी इथेच अडतं. 'मुखडा' लिहिलं की वडील म्हणतात, आपला ध्रुवपद असताना हे कशाला? 'ध्रुवपद' लिहिलं की गाणं शिकणारी भाची विचारते, "म्हणजे डागर बंधू गायचे ते?" दोन्ही एकच की फरक आहे? आणि अंतरा म्हणजे कडवंच ना?

प्रतिसाद
भाचीचं बरोबर आहे. डागर बंधूंच्या ध्रुपद या शास्त्रीय गायकीचं नाव 'ध्रुवपद'वरूनच आलंय, पण तिथे तो स्थायी (बंदिशीचा पहिला भाग), अंतरा, संचारी, आभोग असा पूर्ण गानप्रकार. आमच्या भजनात मात्र "धृपद धरा" म्हटलं की टाळकरी फक्त फिरून येणारी ओळ उचलतात.

'मुखडा'ही तसाच दुटप्पी. ख्यालात मुखडा म्हणजे बंदिशीचा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, नेऊन सोडणारा तुकडा. तबल्यातही समेवर येणारा छोटा बोल म्हणजे मुखडा. सिनेमाच्या गाण्यात मात्र अख्ख्या स्थायीलाच मुखडा म्हणतात. एखाद्या बुवांपुढे "मुखडा दोन ओळींचा आहे" म्हणून बघा, काय चेहरा करतात ते!

पण वडिलांचं मला पटत नाही. ध्रुवपद म्हणजे जे परत परत येतं ते. मुखडा म्हणजे तोंड, गाणं ओळखायचा चेहरा. तुकोबांची गाथा उघडा. 'सुंदर तें ध्यान'मध्ये ॥ध्रु.॥ ही खूण पहिल्या चरणांपुढे नाही, दुसऱ्या चरणांपुढे, 'आवडे निरंतर हें चि ध्यान'नंतर आहे. म्हणजे ध्रुवपद सुरुवातीलाच हवं असं नाही, आणि 'सुंदर तें ध्यान' हा त्या अभंगाचा चेहरा असूनही ध्रुवपद नाही.

प्रतिसाद
गाथेचा दाखला झकास. पण मुखडाही नेहमी सुरुवातीला कुठे असतो? 'महल' (१९४९) घ्या, संगीत खेमचंद प्रकाश. लताबाई आधी 'खामोश है जमाना' अशा ओळी संथपणे, जवळजवळ ठेक्याशिवाय म्हणतात, मग 'आयेगा आनेवाला' येतं. मुखडा तोच. आधीच्या ओळी नुसत्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडतात.

अंतरा आणि कडवं यांत मी फरक करतो. कडवं कवितेचं, अंतरा चालीचा. 'वो कौन थी' (१९६४) मधलं मदनमोहनचं 'लग जा गले' पाहा. मुखड्याचा शेवट 'हो न हो'. अंतऱ्याच्या पहिल्या दोन ओळींचं यमक आपसात, 'नसीब से' आणि 'करीब से', चालही मुखड्यापासून सुटलेली. तिसरी ओळ मात्र पुन्हा 'हो न हो'वर उतरते, आणि चालही मुखड्याची होते. त्यामुळे मुखडा परत लागतो तेव्हा सांधा कळतच नाही. या ओळीला मुंबईचे संगीतवाले 'क्रॉस लाइन' म्हणतात. राजा मेहदी अली खान यांची ही रचना 'हो न हो'मुळे कानाला गझल वाटते, पण गझल नव्हे. गझलेत दोन-दोन ओळींचे शेर असतात, इथे अंतऱ्यात तीन ओळी आहेत.

मूळ प्रश्नकर्ता
'क्रॉस लाइन'ला मराठी शब्द? 'पालुपद' चालेल?

प्रतिसाद
नको. पालुपद म्हणजे तीच ती फिरून येणारी ओळ. ही ओळ दर अंतऱ्याला वेगळी असते, फक्त यमक जुनं. शिवाय 'तिचं आपलं एकच पालुपद' हे इतकं रुळलंय की वाचणाऱ्याला आधी सासू आठवेल. मी 'जोडओळ' लिहितो. अजून कुणी हटकलेलं नाही.

प्रतिसाद
जोडओळ आवडला, ढापतोय.
जाता जाता, 'इन्सान जाग उठा'मध्ये (१९५९) सचिनदांचं (सचिनदेव बर्मन) 'चाँद सा मुखडा क्यूँ शरमाया' आहे. त्यावर लिहायची वेळ आली तर "या मुखड्यात मुखडा आहे" हे वाक्य टाळून दाखवा.