करमुक्त पगार ठीक, पण मूळ वेतन किती?
'दुबईत पगार करमुक्त, म्हणून फक्त एकूण आकडा बघायचा' असं तिकडे शिक्षकाच्या नोकरीला जाणाऱ्यांना सांगितलं जातं, ते अर्धंच खरं. ऑफर लेटरमध्ये मूळ वेतन किती आणि भत्ते किती, हे आधी तपासा. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी फक्त मूळ वेतनावर निघते: पहिली 5 वर्षं दरवर्षी 21 दिवसांची, पुढे 30 दिवसांची. एकूण 12,000 दिरहमपैकी मूळ 6,000 असेल तर 5 वर्षांचे 21,000 होतात. मूळ 9,000 असेल तर 31,500. वर्षाच्या आत सोडलं तर शून्य.

आणि जोडीदाराला न्यायचं असेल तर बी.एड.च्या पदवीसोबत विवाह प्रमाणपत्राचंही अटेस्टेशन (कागद खरा असल्याचा अधिकृत शिक्का) भारतातूनच उरकून घ्या: राज्य, परराष्ट्र मंत्रालय, मग यूएई दूतावास. मूळ कागद तिकडून परत पाठवत बसणं म्हणजे नुसता डोक्याला ताप.