मदत हवी: १२ हजारांत घरी सुतारकाम सुरू करायचंय, आधी काय घेऊ?

नमस्कार मंडळी,

गावच्या माळ्यावरून आजोबांची हत्यारांची पेटी पुण्यात आणली. दोन रंधे, तीन पटाश्या, एक करवत, एक गुण्या (काटकोन तपासायचा). लोखंडाला गंज चढलाय, पण रंध्यांचं लाकूड ठणठणीत आहे. तेव्हापासून हात शिवशिवताहेत. आधी एक पाट, मग चौरंग, जमलंच तर पुस्तकांचं कपाट.

जागा म्हणजे ८ बाय ५ फुटांची बाल्कनी, पावसाची झड आत येते. बजेट १२ हजार (बायकोला ८ सांगितलंय).

टेबल सॉ (टेबलात बसवलेली विजेची गोल करवत) मनात होता, पण सगळे पैसे त्यातच जातील आणि खालचे काका दुपारी झोपतात. दुकानदार म्हणाला, "चार इंची ग्राइंडर घ्या, त्यालाच लाकडाचं पातं लावा, सगळे मिस्त्री तेच करतात." करतात खरे. पण मला माझी बोटं प्रिय आहेत.

खरी अडचण वेगळीच निघाली. परवा आंब्याची फळी जेवणाच्या टेबलावर ठेवून रंधा मारला, तर फळीच पुढे पळाली. आजोबा जमिनीवर बसून पायांत लाकूड धरायचे. माझे गुडघे दहा मिनिटांत बोंबलतात.

तर पैसे यंत्रात घालू की आधी बाकात, म्हणजे लाकूड पक्कं धरून काम करायच्या टेबलात? त्यासाठी पॅलेटचं (माल ठेवायच्या लाकडी चौकटीचं) लाकूड चालेल का? धारेसाठी दगड घ्यावाच लागेल का?

प्रतिसाद १

ग्राइंडर नकोच. तो मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फेरे घेतो, सर्क्युलर सॉ (हातात धरायची विजेची गोल करवत) साधारण त्याच्या निम्मे. दातेरी पातं लाकडात अडकलं की ग्राइंडर उसळून अंगावर येतो.

आधी बाक. पॅलेट चालेल, पण शिक्का बघा. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं, ते घ्या. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते सोडा. वर १८ मिमी प्लायचे दोन थर चिकटवा. हलका बाक रंध्यासोबत चालू लागतो. पुढच्या टोकाला एक पट्टी ठोकली की फळी तिला अडते, व्हाइस (बाकाला बसवायचा शिकंजा) नंतर बघू.

दगड लगेच नको. जाड काचेवर वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) ठेवून घासा, खरखरीतकडून बारीककडे: नंबर २२०, ४००, १०००, २०००. आधी पात्याची पाठ सपाट करा, मग २५ अंशांत धार. झाल्यावर तेलाचा हात फिरवा, नाहीतर तुमच्या त्या बाल्कनीत एका पावसाळ्यात पुन्हा गंज.

क्लॅम्प (लाकूड आवळून धरायचे शिकंजे) पुण्याच्या जुन्या बाजारात बघा, बुधवारी किंवा रविवारी. स्क्रू शेवटपर्यंत फिरवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

धागाकर्ता

धन्यवाद दादा! एचटीवाले चार पॅलेट मिळाले. पण खिळे पिळाचे आहेत, उपटताना फळ्या फाटताहेत.

प्रतिसाद १

उपटू नका. फळी आणि खालच्या ठोकळ्याच्या फटीत हॅक्सॉचं पातं घालून खिळाच कापा, मग मागून ठोकून डोकी बाहेर काढा. आणि रंधा लावण्याआधी फळीवर चुंबक फिरवा, खिळ्याचा तुकडा राहिला असेल तर कळेल.