प्रतिसाद: मोटारीचा ब्रॅकेट आधी बघा
घरी बांधलेला सीएनसी राउटर (संगणकाच्या हुकमानं कापणारं यंत्र) सकाळी बरोबर कापतो आणि दुपारी माप चुकवतो, असं तुम्ही लिहिलंय. मोटार धरून ठेवणारा ब्रॅकेट थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकमध्ये काढलाय का? पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. जळगावात मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये हवाच ४५ला टेकते, त्यात स्टेपर मोटार (छोट्या ठरावीक पावलांनी म्हणजे स्टेपनी फिरणारी) स्वतः तापते. माझा ब्रॅकेट बेल्टच्या ताणानं असाच वाकला, पुली तिरपी झाली आणि चौकोनाचे कोपरे जुळेनात. एमआयडीसीतल्या एका टर्नरभाऊंकडून ॲल्युमिनियमच्या पट्टीला भोकं पाडून घेतली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

तरीही चुकलं तर मिलिमीटरला किती स्टेप, तो हिशोब तपासा: २ मिमी पिचचा (दोन दात्यांमधल्या अंतराचा) बेल्ट, २० दात्यांची पुली, म्हणजे फेऱ्याला ४० मिमी. फेऱ्याला २०० स्टेपची मोटार १६ मायक्रोस्टेपवर (एका स्टेपचे १६ भाग) असेल तर फेऱ्याला ३२००, म्हणजे मिलिमीटरला ८० स्टेप.